रिकाम्या रकान्यातलं ‘नाही’

मला लहानपणापासून मधल्या गोष्टींचं कुतूहल. गिरणीत दळण नेलं की बाकीच्या बाया वर धान्य ओततात कसं आणि खाली पीठ पडतं किती, एवढंच बघायच्या. मी मात्र मध्ये काय चाललंय ते बघायला वाकायची आणि गिरणीवाल्याचा ओरडा खायची. आई म्हणायची, ही मुलगी एक दिवस पट्ट्यात वेणी अडकवून घेणार. वेणी अडकली नाही, पण २००१ साली मी स्वतःच एका मधल्या जागेत जाऊन अडकले.

तेव्हा मी रत्नागिरीत बाजारपेठेतल्या एका दुकानाच्या माडीवर, दोन खोल्यांच्या कॉम्प्युटर ऑफिसात कामाला होते. मालक आखातात एका बंदरावर बारा वर्षं कॉम्प्युटरवर काम करून परतलेले, किनाऱ्याकडच्या मुसलमान घरातले गृहस्थ. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांनी एका ट्रस्टच्या इस्पितळाचं काम घेतलं होतं. इस्पितळ रत्नागिरीत, आणि त्याचे तीन दवाखाने पूर्णगड, चिपळूण आणि सावर्ड्याला. पेशंट एका दवाखान्यातून दुसरीकडे जायचा, पण त्याची माहिती काही त्याच्या मागोमाग जायची नाही. चारही ठिकाणची माहिती गोळा करून प्रत्येक माणसाची एकच नोंद करायची आणि ती चारही ठिकाणी दिसेल असं करायचं, हे काम.

सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर तीन चौकोन काढले. डावीकडचा माहिती आत घेणारा, उजवीकडचा बाहेर देणारा, आणि मधला प्रोसेसिंग लेयर. “आत येतं ते कच्चं, बाहेर जातं ते पक्कं. कच्च्याचं पक्कं होतं ते इथं,” असं म्हणून त्यांनी मधल्या चौकोनावर खडू आपटला आणि माझ्याकडे बघितलं. बाकीच्या दोघांना दोन कडेचे चौकोन मिळाले. मला मधला मिळाला म्हणून मी इतकी खूश झाले की त्या दिवशी घरी चालत न जाता रिक्षा केली.

आईला समजावताना मी त्याला माजघर म्हटलं. आलेला माणूस आधी ओटीवर टेकतो, कोण कुठला ते विचारलं जातं, मग तो माजघरात येतो, आणि ओळख पटली की थेट स्वयंपाकघरापर्यंत. आईला ते पटलं. पुढे ऑफिसातही सगळे माजघरच म्हणू लागले, सरसुद्धा.

माजघरात येणारा माल मात्र काय काय असायचा! चिपळूणहून फ्लॉपी यायची, एसटीच्या कंडक्टरच्या हाती, जाड पाकिटात. पाकिटावर ‘उन्हात ठेवू नये’ असं लिहिलेलं, आणि कंडक्टर ती नेमकी पुढच्या काचेपाशी ठेवून आणायचा. सावर्ड्याचे लोक कॉम्प्युटरवर तक्ता करायचे, पण त्यात आधी गाव, मग नवरा, मग बाईचं नाव, असा त्यांचा स्वतःचा क्रम. पूर्णगडला कॉम्प्युटरच नव्हता. तिथे आम्ही छापील यादी पाठवायचो, आणि तिथून अलीकडची रजिस्टरं यायची, ती मी टाइप करायची. त्यांना सुक्या मासळीचा वास यायचा, आणि एका पानात चक्क तारलीचं खवलं चिकटलेलं मिळालं होतं.

माझा प्रोग्रॅम हे सगळं एका मापात आणायचा. कुठे वय लिहिलेलं, कुठे जन्मतारीख, त्याचं जन्मवर्ष करायचं. मग पाच रकाने जुळवून बघायचे: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, जन्मवर्ष. चार जुळले तर माणूस तोच. दोन किंवा तीन जुळले तर मी स्वतः बघायचं. त्याहून कमी जुळले तर माणूस नवा. एकदा प्रोग्रॅम चालू केला की पडद्यावर नोंदी सरसर वर सरकत, आणि मी चहा गार होईपर्यंत बघत बसायची. दोन दवाखान्यांतला एकच माणूस एकमेकांना चिकटून एक झाला की मला उगाचच त्या माणसाला भेटल्यासारखं वाटायचं.

एकच गोष्ट डोळ्यांत खुपायची, ते रिकामे रकाने. इस्पितळाच्या कमिटीला छापलेला तक्ता बघायची सवय होती, आणि त्यात भोकं दिसली की ते सरांना झापत. सर मला म्हणत, “हे काय गो, फाटक्या जाळ्यासारखं?” मग मी डोकं लढवलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये मी नियम घातला: ज्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही, तिथे ‘नाही’ लिहायचं. मागची शस्त्रक्रिया, नाही. दमा, नाही. बाधणारी औषधं, नाही. पुढच्या महिन्यात तक्ता सगळीकडे भरलेला, सुबक. कमिटीने सरांचं कौतुक केलं, सरांनी माझं केलं आणि मी ते अगदी मान वर करून घेतलं.

चारेक महिन्यांनी पूर्णगडच्या सिस्टरनी रजिस्टरांबरोबर एक लाल वही पाठवली. या सिस्टर त्या दवाखान्यात पंचवीसेक वर्षं होत्या. डॉक्टर येत आणि बदलून जात, सिस्टर तिथेच. ज्याला ज्याला एखादं औषध बाधलं, त्याची नोंद त्या रजिस्टरात तर करतच, शिवाय या वेगळ्या वहीत लाल शाईने करत. ती त्यांची स्वतःची पद्धत. कुणी सांगितलेली नव्हती. सोबत चिठ्ठी होती: ‘हे पहिलं भरावं. वही परत पाठवावी.’

वहीत तीसेक नोंदी होत्या. मी त्या टाइप केल्या आणि माजघरातून सोडल्या. बहुतेक आपापल्या माणसाला जाऊन बरोबर चिकटल्या. उरलेल्यांचं मी सिस्टरना फोन करून विचारलं. दोघे वारले होते, एक कुटुंब मुंबईला गेलं होतं, एक जण कुवेतला होता. फोन तेवढ्यात कट झाला, पुन्हा लागेना, आणि एकच नोंद विचारायची राहिली. तीच मी पुन्हा पुन्हा वाचत बसले.

‘मुलगी, वय सात. पेनिसिलीनची सुई. पाच मिनिटांत ओठ निळे, शुद्ध गेली. डॉक्टर हजर होते म्हणून वाचली. पुन्हा कधीही देऊ नये.’ ‘कधीही’च्या खाली दोन रेघा. साल १९८५.

नाव होतं, वडिलांचं नाव होतं, आडनाव, गाव, सगळं होतं. पण आमच्या चारही ठिकाणच्या यादीत अशी कुणी बाई नव्हती. प्रोग्रॅमने तिला ‘नवीन माणूस’ ठरवून तिची वेगळी नोंद केली आणि तो पुढे गेला. त्याच्या दृष्टीने ती सात वर्षांची मुलगी कधी पुन्हा आजारीच पडली नव्हती.

मला ते पटेना. आता ती तेवीस वर्षांची असणार, माझ्याहून एखाद वर्षाने लहान. ती कुठेतरी असणारच. आणि ती आमच्याच एखाद्या दवाखान्यात दुसऱ्या नोंदीवर येत असेल, तर ह्या दोन लाल रेघा तिच्यापर्यंत पोचलेल्या नाहीत. उद्या ताप आला, कुणी सुई भरली, तर? मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “मुंबईला गेली असंल. सोड.” सोडलं असतं तर बरं, पण मला जमेना. मला राग आला होता, आणि तो सरांवर नव्हता, माझ्या त्या शहाण्या प्रोग्रॅमवर होता.

शनिवारी वही परत द्यायच्या निमित्ताने मी पावसवरून पूर्णगडची एसटी धरली. सिस्टर दवाखान्याच्या पायरीवर बसून सुया उकळायचं भांडं घासत होत्या. मला वाटलं होतं त्याहून ठेंगण्या आणि बऱ्याच बोलक्या. मी आधी नाव सांगितलं, तर त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “तुझ्या आईचं माहेर कुठचं गो?” मी सांगितलं. त्यावरून त्यांनी माझी मावशी शोधून काढली, मावशीचे सासरे कोण तेही सांगितलं, आणि मग मी कोण हे त्यांच्या डोक्यात नीट बसलं. माझ्या प्रोग्रॅमला पाच रकाने लागत. सिस्टरना एकच प्रश्न पुरला.

मी लाल वहीतली ती नोंद दाखवली.

“ही?” त्या म्हणाल्या. “ही कुठं हरवलीय? हिला दिली ना सावर्ड्याकडं. तीन वर्सं झाली.”

“मग ती आमच्या यादीत का नाही?”

सिस्टरनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कधी शाळेत गेलेच नव्हते. “अगो, लग्न झालं की बाईचं नाव ऱ्हातं काय? सासरी नाव बदलतात. बापाच्या जागी घोव, आडनाव त्याचं, गाव त्याचं. आणि मी लिवलंय वय, तुझ्याकडं असंल जन्मतारीख, ती शाळेतल्या मास्तरानं अंदाजानं घातलेली. मग काय जुळणार तुझं?”

मी तिथेच पायरीवर बसले. पाच रकाने आणि पाचही बदललेले. दोन वर्षांपूर्वी माझ्या ताईच्या लग्नात ताम्हणात तांदूळ पसरून भावोजींनी अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, तेव्हा ते ताम्हण मीच धरून उभी होते. तांदूळ हलले म्हणून मला दटावलंही होतं. आणि तरी प्रोग्रॅम लिहिताना मला ते आठवलं नाही. का नाही, याचा मी एसटीत परत येताना खूप विचार केला. मी तिला आधीही ताई म्हणत होते आणि नंतरही ताईच म्हणते. तिचं नाव बदललं हे मला कधी जाणवलंच नव्हतं.

“नवं नाव काय तिचं?” मी सिस्टरना विचारलं.

“काय ठेवलंनी ते नाय ठाऊक. आई तिची लग्नाच्या आधीच गेली, बाप होडीवर. सांगणार कोण?” मग त्यांनी आत जाऊन भिंतीवरची एक वाकडी तार काढून आणली. तिला गावातल्या लग्नांच्या पत्रिका टोचलेल्या, वर्षानुवर्षांच्या. दवाखान्यात येणारा प्रत्येक जण सिस्टरना पत्रिका देणार, आणि सिस्टर ती टोचून ठेवणार. बऱ्याच पत्रिका सरकवल्यावर ती मिळाली. मुलीचं माहेरचं नाव, आणि खाली वराचं पूर्ण नाव, मुक्काम सावर्ड्याशेजारचं एक गाव.

सोमवारी मी ऑफिस उघडण्याआधीच जिन्यात उभी होते. नवऱ्याचं नाव, आडनाव आणि गाव घालून शोधलं. दोन नोंदी आल्या. एक पासष्ट वर्षांच्या बाईची. दुसरी बावीस वर्षांची, म्हणजे मास्तरांच्या तारखेने वर्षभर लहान, सावर्ड्याच्या दवाखान्यात नाव घातलेली, आठवा महिना चालू. बाळंतपण रत्नागिरीच्या इस्पितळात, असंही लिहिलेलं. आणि त्याच ओळीत पुढे: बाधणारी औषधं, नाही.

मी कपाटातला बिस्किटांचा डबा काढला. त्यात आलेल्या सगळ्या मूळ फ्लॉप्या मी सांभाळून ठेवत असे. सावर्ड्याची फ्लॉपी घातली, मूळ तक्ता उघडला. त्या रकान्यात काहीही नव्हतं. सावर्ड्याच्या लोकांनी कोरा ठेवला होता. ते ‘नाही’ माझं होतं.

कोरा रकाना बघून एखादा डॉक्टर निदान विचारेल तरी. ‘नाही’ वाचल्यावर कोण विचारणार?

मी सावर्ड्याला फोन लावला. तिथल्या डॉक्टरांनी लिहून घेतलं, पण ही तीच बाई कशावरून, असं विचारलं, आणि ते बरोबरच होतं. पत्रिकेतलं नाव आणि यादीतलं नाव ह्यांच्यामध्ये माझा अंदाज होता. सिस्टरना फोन केला तर त्या म्हणाल्या, “फोनवर काय वळखणार? मी बघते तिला.” बुधवारी गरोदर बायकांची तपासणी असे. त्या पहाटेच्या एसटीने रत्नागिरीला आल्या, आणि आम्ही दोघी पॅसेंजरने सावर्ड्याला गेलो. गाडीत त्यांनी मला गुळाचं खाजं खायला दिलं आणि माझ्या प्रोग्रॅमबद्दल इतके प्रश्न विचारले की कमिटीने कधी विचारले नव्हते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर आठ-दहा बायका बसल्या होत्या, बहुतेकींच्या शेजारी सासू. सिस्टर दारात उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात त्यांनी ते जुनं नाव घेतलं. तिसऱ्या जागेवरच्या एका बारीक, सावळ्या मुलीने मान वर केली. शेजारची सासू समोरच बघत राहिली. ते नाव तिच्या ओळखीचंच नव्हतं.

“सिस्टर?” ती मुलगी म्हणाली, आणि उठायला गेली.

“बस गो बाय, बस,” सिस्टर म्हणाल्या, आणि जाऊन त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तीन वर्षांत त्या नावाने तिला कुणी हाक मारली नसावी. तिचे डोळे भरून आले आणि सासू गोंधळून आमच्याकडे बघायला लागली.

सिस्टरनी विचारलं, लहानपणची सुई आठवते का. तिला थोडंसं आठवत होतं. “सुई टोचलीत आणि मग मी तुमच्या मांडीवर होते, एवढंच. आई सांगून गेली होती, सुई घ्यायची नाय. कसली ते तिलाबी ठाऊक नव्हतं.”

“मग इथं सांगितलंस का नाय?”

“सांगितलं मी. मला सुई चालत नाय म्हटलं. सगळी हसली.”

सासू ओशाळली. “आम्हांला वाटलं, घाबरते. आम्ही पण हसलो,” ती म्हणाली, आणि सुनेचा हात तिने आपल्या मांडीवर ओढून घेतला.

मी मग माझ्याकडचा कागद पुढे केला, तिच्या नोंदीचा. तिने तो बोट ठेवून सावकाश वाचला. नाव, नवऱ्याचं नाव, गाव. बोट शेवटच्या रकान्याशी थांबलं.

“हे ‘नाही’ कुणी लिवलं?” तिने विचारलं. “मला तर कुणी विचारलंच नाय.”

“मी,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. रागावली नाही. तिला खरंच नवल वाटलं होतं. “तुम्ही मला कधी बघितलंत?”

मी माफी मागितली. सिस्टरनी माझ्या हातातला कागद घेतला, खिशातलं लाल पेन काढलं आणि ‘नाही’ खोडून तिथे ‘पेनिसिलीन’ लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.

ऑफिसात परतल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आमच्यात असं नाय ना. आमची बाय जन्मते त्याच नावानं मरते. मला सुचलंच नाय.” मी म्हटलं, मला सुचायला हवं होतं. त्यावर त्यांनी फळ्यावरचा मधला चौकोन पुसून तो मोठा काढला आणि माझ्या हातात खडू दिला.

मी दोन गोष्टी बदलल्या. माहेरचं नाव आणि माहेरचं गाव असे दोन रकाने घातले. आणि माझा तो सुबक नियम काढून टाकला. कोरा आला तर कोराच जाणार. मग डब्यातल्या सगळ्या फ्लॉप्या पुन्हा पहिल्यापासून माजघरातून सोडल्या. त्यात आठवडा गेला. सावर्ड्याच्या त्या मुलीच्या दोन नोंदी मी स्वतः हाताने जोडल्या. बाहेर आलेला तक्ता बघून मी हबकलेच. जिथे तिथे भोकं. इतक्या माणसांना आम्ही काहीच विचारलं नव्हतं, आणि इतके महिने मी त्यांच्या वतीने उत्तरं देत होते. कमिटी भडकली. सर त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, जाळं फाटकंच होतं, या मुलीने आधी ते झाकलं होतं, आता दाखवलंय, आता माणसं पाठवा आणि विचारून घ्या. मी मागे उभी होते. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि त्यांनी मला ‘झाकलं होतं’ म्हटल्याचा थोडा रागही आला.

पुढच्या महिन्याच्या एका शनिवारी दुपारी, नेहमीसारख्या नोंदी पडद्यावर सरकत होत्या. तिचं नाव मला आता पाठ होतं, दोन्ही नावं. ती ओळ दिसली तशी मी यंत्र थांबवलं. बाळंतपण सीझरने झालं होतं. नंतर तीन दिवस ताप. डॉक्टरचं नाव नवीन होतं, नुकतेच घाटावरून आलेले, आम्हांला कुणालाच न ओळखणारे. औषधाच्या रकान्यात पेनिसिलीन नव्हतं. दुसरंच काहीतरी होतं, आणि त्यापुढे डॉक्टरांनी शेरा टाकला होता: ‘बाधणारी औषधं बघून बदललं.’ पाचव्या दिवशी घरी सोडलं. मी खुर्चीत मागे टेकले आणि मला रडू फुटलं. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, कॉम्प्युटर बंद पडला काय?

डोळे पुसून मी पुन्हा यंत्र चालू केलं. तिच्या पाठोपाठ एक नवी ओळ आली. मुलगी, वय पाच दिवस. नाव अजून ठेवलेलं नव्हतं. आईचं नाव होतं, आणि माझ्या नव्या रकान्यात आईचं माहेरचं नावही, पूर्णगडसकट. पुढे दमा, शस्त्रक्रिया, बाधणारी औषधं, सगळं कोरं.

त्या कोऱ्या रकान्यांकडे मी खूप वेळ बघत बसले. मग ती ओळ होती तशीच पुढे जाऊ दिली.